गाथासप्तशती वाचायची कोणी?

(द्वितीय वर्ष, कला)

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मी प्रथम वर्षाच्या वर्गात होते. आपल्या महाविद्यालयात त्यानिमित्त छोटेखानी समारंभ झाला. फळ्यावर रंगीत खडूंनी 'अभिजात मराठी' अशी अक्षरे काढली होती (त्यातली वेलबुट्टी माझ्या हातची), पेढे वाटले गेले, भाषणे झाली. जो तो वक्ता उठे आणि सांगे की मराठी ही कालपरवाची भाषा नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वीची गाथासप्तशती हा तिचा पुरावा आहे. चार भाषणांत मिळून गाथासप्तशतीचे नाव अकरा वेळा आले. मी मागच्या बाकावर बसून मोजले. पण त्या सातशे गाथांपैकी एकही गाथा कोणी म्हणून दाखवली नाही, की तिच्यात आहे तरी काय हेही सांगितले नाही.

आमच्याकडे घराण्याची जुनी ओळख सांगायची झाली की म्हातारीला ओटीवर आणून बसवतात. "आमची आजी बघा, नव्वदीची आहे!" पाहुणे गेले की म्हातारी पुन्हा मागच्या पडवीत. तिच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. गाथासप्तशतीची अवस्था मला तशीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात ते पुस्तक मागितले. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेली 'हाल सातवाहनाची गाथासप्तशती'. ग्रंथपालसरांना शिडी लावावी लागली. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असतात ना, त्यातला शेवटचा शिक्का माझ्या जन्माच्या आधीचा होता. म्हणजे एकोणीस वर्षांहून अधिक काळ हे पुस्तक कोणी घरी नेलेले नव्हते. सर म्हणाले, "सांभाळून ने, पाने सुटतात."

वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुट्या सुट्या सातशे कवितांचा हा संग्रह. प्रत्येक कविता दोन ओळींची, पहिल्या ओळीत तीस मात्रा, दुसरीत सत्तावीस. एक कोटी गाथांमधून निवडून या सातशे सातवाहन राजा हाल याने एकत्र केल्या, असे परंपरा सांगते. कोटीचा आकडा आपण सोडून देऊ. परंपरेने हा राजा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. काही गाथा त्यानंतरच्या शतकांतल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने १८७० मध्ये आणि मग १८८१ मध्ये लाइपझिगहून त्या छापून काढल्या. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानेही आपल्या काव्यमालेत गंगाधरभट्टाच्या संस्कृत टीकेसह त्या छापल्या. आणि यातल्या बहुतेक सगळ्या कविता प्रेमाच्या आहेत. समारंभात त्या कोणी का म्हणून दाखवल्या नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

मी पुस्तक उघडले आणि पहिल्याच पानावर अडले. ओळ प्राकृतात, तिच्याखाली संस्कृत 'छाया', त्याखाली मराठी अर्थ. मराठी वाचले की काम झाले, असे कोणीही म्हणेल. पण मला तसे नको होते. मराठी अर्थ वाचणे म्हणजे जेवून आलेल्या माणसाकडून जेवणाची हकीकत ऐकणे. मी दोनशे पानी वही घेतली, तिच्यात तीन रकाने आखले आणि रोज दहा शब्द याप्रमाणे पाठ करायला लागले. पहिल्या रकान्यात प्राकृत शब्द, दुसऱ्यात संस्कृत, तिसऱ्यात अर्थ. इंग्रजीचे शब्द आठवीत असेच पाठ केले होते.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस फार हाल झाले. (हाल राजाने केले म्हणून हाल, असे माझी मैत्रीण म्हणते.) प्राकृताची खोड अशी की दोन स्वरांच्या मधले क, ग, च, ज, त, द यांसारखे व्यंजन ती गिळून टाकते. हृदयाचे होते 'हिअअ'. नगराचे 'णअर'. 'गअ' म्हणजे गेलेला आणि 'गअ' म्हणजे हत्तीसुद्धा. 'मअ' हा एकच शब्द हरिण, मेलेला आणि मद या तिघांनाही पुरतो. 'कइ' म्हणजे कवी, 'कइ' म्हणजे माकड, आणि 'कइ' म्हणजे किती! कवी आणि माकड यांच्यात ज्या भाषेने फरक ठेवला नाही तिच्याविषयी मला त्या रात्री फार आपुलकी वाटली. पण एका शब्दाचे तीन अर्थ पाठ करून उपयोग नाही, शेजारचा शब्द बघितल्यावाचून कोणता अर्थ घ्यायचा ते कळत नाही, हे मला त्यातूनच उमगले. पाठांतराची सवय असलेल्या माझ्यासारखीला हा धडा नवा होता.

इथे माझ्या घराविषयी सांगायला हवे. आमचे गाव कोलाडपासून पायी अर्ध्या तासावर. वडील भात लावतात आणि उरलेला वेळ रिक्षा चालवतात. आईचे शिक्षण चौथीपर्यंत, आजीचे अजिबात नाही. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली मी पहिली. आमच्या बोलण्यात 'ण' नाही. पाण्याला आम्ही पानी म्हणतो, कोण आहे असे न विचारता "कोन हाय?" असे विचारतो. नववीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी 'पाणीटंचाई' या विषयावर बोलले होते. घोकून घोकून 'ण' नीट केला होता, पण भरात आल्यावर 'पानी' तोंडातून गेलेच. परीक्षकांपैकी एकजण हसले, आणि ते हसले म्हणून सभागृह हसले. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात हात वर केला नाही.

आता गंमत बघा. महाराष्ट्री प्राकृतात 'न' नाही! जिथे संस्कृतात 'न' आहे तिथे ही भाषा सरसकट 'ण' करते. नदीची 'णई', नयनाचे 'णअण', आणि 'न' म्हणजे नाही, त्याचाही 'ण'. म्हणजे हालाच्या दरबारात ते परीक्षक 'नदी' म्हणाले असते तर हसे त्यांचे झाले असते. शुद्ध आणि अशुद्ध हे भाषेच्या पोटात नसते, कोण कोणाला हसू शकतो यावर ते ठरते, असे माझे मत त्या दिवशी झाले आणि अजून बदललेले नाही.

पण ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो वेगळाच आहे. गाथांमध्ये 'अत्ता' हा शब्द वारंवार येतो. मी तो बघितला आणि तिसऱ्या रकान्यात आनंदाने 'आत्या' असे लिहिले. शब्द पाठ करण्याचीही गरज नव्हती. मग गाथा लावायला गेले तर अर्थ जमेना. एका गाथेत घरातली तरुण स्त्री वाटसरूला रात्री कोण कुठे झोपते ते दाखवते आहे, वरवर ती त्याला सावध करते आहे, आणि खरे तर आमंत्रण देते आहे. तिथे आत्या मध्येच का झोपली आहे? आमच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी समजावून दिले की 'अत्ता' म्हणजे इथे सासू, टीकाकार 'श्वश्रू' असा अर्थ देतात. दिसायला सारखा शब्द असला म्हणून मराठी अर्थ चिकटवू नये. मी वहीतला 'आत्या' खोडला आणि 'सासू' लिहिले. अशीच फसगत 'मामि' या शब्दाशी झाली होती. ती आपली मामी नव्हे, गाथांतल्या बायका मैत्रिणीला तशी हाक मारतात.

त्याच संध्याकाळी आई चुलीजवळ होती आणि आजी मागच्या दारी पावट्याच्या शेंगा सोलत होती. आई म्हणाली, "आत्या, शेंगा झाल्या का?"

मी वही हातात घेऊन उभी होते. माझी आजी ही माझ्या आईची सासू. आई तिला लग्न झाल्यापासून आत्या म्हणते. आजोबांना मामा म्हणत असे. जुन्या मराठी घरांत सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची पद्धत होती हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्याकडे आत्याच्या मुलाशी लग्न लावायची चाल, त्यामुळे आत्या हीच सासू होई. पुढे नाते नसले तरी हाक राहिली. मी एकोणीस वर्षे दररोज ती हाक ऐकत होते आणि मला ती ऐकू आली नव्हती. खोडलेला शब्द मी पुन्हा लिहिला, 'सासू' शेजारी. प्राध्यापकांना सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "हे टिपून ठेव." त्यांच्याकडून चूक झाली असे मला मुळीच म्हणायचे नाही. अर्थ त्यांनी बरोबरच सांगितला होता. पण त्या अर्थापर्यंत पोचायला दोन वाटा होत्या, एक संस्कृत श्वश्रूवरून जाणारी आणि दुसरी आमच्या चुलीवरून.

तेव्हापासून मी वहीत चौथा रकाना आखला, घरातल्या शब्दाचा. तो भराभर भरू लागला. 'पोट्ट' म्हणजे पोट. 'चिक्खल्ल' म्हणजे चिखल. 'ओल्ल' म्हणजे ओले. 'रुंद' हा रुंदच. 'पाउस' आणि पाऊस यांत तर काही फरकच नाही. 'सोण्हा' ती सून, 'दिअर' तो दीर, 'माउसिआ' ती मावशी. 'तुप्प' हे तूप, आणि आमच्या वर्गात सोलापूरकडची एक कानडी मुलगी आहे, ती सांगते की तिच्या घरी आजही तुप्पच म्हणतात. क्रियापदे बघितली तर चुकणे, खुडणे, रुसणे, विसरणे ही सगळी त्या पुस्तकात बसलेली आहेत. प्रेमाच्या कवितेला आणखी कोणती क्रियापदे लागतात?

यातल्या पोट, चिखल, तूप अशा शब्दांपाशी आले की संस्कृत छाया लिहिणाऱ्यांची अडचण होते. पोट्ट शब्दाला संस्कृतात जवळचा भाऊबंद नाही, म्हणून ते 'उदर' लिहितात. चिखलाला 'पंक' किंवा 'कर्दम' लिहितात. अर्थ बरोबर, पण चिखलात पाय घातलेल्या माणसाला पंक म्हणजे चिखल नव्हे हे सांगावे लागत नाही. अशा 'देशी' शब्दांसाठी बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्राला 'देशीनाममाला' हा वेगळा कोशच करावा लागला. माझे म्हणणे एवढेच की ज्या शब्दांसाठी पंडितांना वेगळा कोश लागला, ते शब्द रोहे तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असतात. पण वर्गात शिकवताना आपण प्राकृत गाथा आली की डोळे मिटून खालची छाया वाचतो. शाकुंतलातही तेच करतो. शकुंतला आणि तिच्या मैत्रिणी नाटकभर प्राकृत बोलतात, आणि आपण त्यांच्या तोंडी संस्कृत घालून परीक्षेला बसतो.

यावर एक आक्षेप येईल तो मीच मांडते. या कविता खेड्याच्या असल्या तरी खेडुतांनी लिहिलेल्या नाहीत. ही महाराष्ट्री म्हणजे बाजारात बोलली जाणारी भाषा नव्हे, ती घोटून गुळगुळीत केलेली काव्यभाषा आहे. दंडीसारख्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने तिला प्राकृतांत श्रेष्ठ म्हटले ते उगीच नव्हे. नांगऱ्याची बायको अशी श्लेष करीत बोलत नसते. हे मला मान्य आहे. आम्हाला शेतात बघून कविता लिहिणारे शहरातले लोक आजही असतात, आणि त्यांच्या कवितेत आम्ही फार सुंदर दिसतो. 'हलिअ' म्हणजे नांगऱ्या, त्याची सून, गावच्या मुखियाची मुलगी, ही पात्रे राजाच्या सभेत बसलेल्या रसिकांना मौज वाटावी म्हणूनही घेतली असतील. पण शब्द कोणाकडून घेतले? पोट आणि चिखल हे शब्द राजवाड्यात तयार होत नाहीत.

दूरच्या देशातही असेच घडलेले आहे. हालाच्या थोडे आधी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये कातुल्लुस नावाचा कवी होऊन गेला. तो मूळचा वेरोनाचा, म्हणजे रोमच्या मानाने बाहेरगावचा. लॅटिनमध्ये चुंबनाला 'ओस्कुलुम' असा प्रतिष्ठित शब्द होता. कातुल्लुसने आपल्या प्रेमकवितांत 'बासिउम' हा शब्द आणला, आणि तो त्याने आपल्या मुलखातल्या बोलीतून उचलला असावा असे मानतात. पुढे काय झाले? ओस्कुलुम पुस्तकात राहिला. बासिउमचा इटालियनमध्ये 'बाचो' झाला, आणि तोच आज तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. युरोपातली मुले कातुल्लुस आणि ओव्हिड वाचता यावेत म्हणून लॅटिनचे शब्द पाठ करतात, त्याचे आपल्याला मोठे कौतुक वाटते. एखाद्या इटालियन मुलीला त्या यादीत आपल्या आजीचा शब्द सापडला तर तिला जे वाटेल ते मला इथे कोलाडला बसून वाटते, फक्त आपल्याकडे यादी करून द्यायला कोणी नाही. बाकी रोमच्या प्रेमकवितेविषयी मी अनुवादातून थोडेसेच वाचले आहे. ओव्हिडचा प्रियकर शहरी, तो रात्री बंद दारापुढे बसून दाराला विनवण्या करतो. आमच्या गाथांतल्या घरांना एवढे दारच नसावे. इथे भेटायचे ते नदीकाठच्या वेळूत, कापसाच्या आणि तागाच्या शेतात. पीक कापणीला आले की गाथेतली नायिका उदास होते, कारण आडोसा जाणार!

आता प्रेमाच्या अडचणीकडे येते. मुलीने प्रेमकविता वाचणे आमच्या बाजूला चांगले समजत नाहीत. पुस्तक घरी नेले तेव्हा मी त्याला वर्तमानपत्राचे वेष्टण घातले होते. एके दिवशी आजीने विचारलेच, "कसली पोथी वाचतंस ग एवढी?" मी तिला पाणपोईची गाथा सांगितली. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे, पण नजर पाणी घालणारीवर, म्हणून बोटे सैल करून तो पाणी सांडू देतो, तहान लवकर भागू नये म्हणून. आणि तीही कमी नाही, ती धार बारीक बारीक करीत जाते. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. "अजून पाजतंच हाय का ती?" असे ती दुसऱ्या दिवशीही विचारीत होती. त्या गाथेचा अर्थ मला टिपा वाचून कळला होता. आजीला टिपा लागल्या नाहीत. (पाणपोईतली 'पोई' ही प्राकृत 'पवा' या शब्दापासून आलेली आहे. मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर रांजण मांडलेले दिसले की मला आता ती दोघे आठवतात.)

दुसरी गाथा मी मुद्दाम तिच्यासाठी निवडली. नवरा परगावी गेला आहे. बायको 'आज गेला' म्हणून भिंतीवर रेघ ओढते, पुन्हा 'आज गेला' म्हणून आणखी एक, आणि पहिला अर्धा दिवस सरतो न सरतो तो सगळी भिंत रेघांनी भरून जाते. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर ते जे परत आले ते कायमचेच. म्हणजे आजीने दहा-बारा वर्षे अशीच काढली. मला वाटले, ही गाथा ऐकून आजी रडेल. आजी शेंगा सोलत म्हणाली, "भितीवर कशाला रेगा काढायच्या? सारवलं की जातील." मग थोड्या वेळाने, मी विचारले नसताना, म्हणाली की ती तांदळाच्या मडक्यावरून मोजायची. मडके किती खाली गेले की तो यायचा, ते तिला ठाऊक असे.

मी हे कुठे लिहू? माझ्या वहीत रेघेला रकाना आहे, मडक्याला नाही. पण टीकाकारांनी विरहाच्या गाथांवर जेवढे लिहिले आहे त्यात मला हे मडके कुठे सापडले नाही, आणि ते गाथेच्या तोलाचे आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

गाथांत बोलणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. जुन्या टीकाकारांनी काही गाथांपुढे कवींची नावे दिली आहेत, त्यात रेवा, माधवी, अणुलच्छी, ससिप्पहा अशी स्त्रियांची नावेही येतात. त्यांतले एक नाव वाचून मी पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडून पाहिले. ते नाव आहे 'रोहा'. आपल्या तालुक्याशी तिचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. इतिहासाचे विद्यार्थी लगेच अंगावर येतील. पण रोह्याच्या मुलीने प्रेमाची कविता वाचू नये असे जे म्हणतात त्यांच्यापुढे मी हे नाव ठेवते.

आता प्राध्यापकवर्गापुढे एक मागणे. मराठी विभागात ध्वनी हा विषय शिकवताना गाथासप्तशतीतली एक-दोन उदाहरणे येतात, कारण काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त ती दिली. काश्मीरच्या पंडिताला आपल्या गोदाकाठची, म्हणजे गाथांच्या भाषेत 'गोला'काठची कविता महत्त्वाची वाटली, हे चांगलेच झाले. पण आपल्याला ती काश्मीरमार्गेच का यावी? आठवड्याला एक गाथा फळ्यावर लिहावी. छाया त्या दिवशी झाकून ठेवावी. वर्गात आगरी, कुणबी, आदिवासी कातकरी, कोळी अशी सगळीकडची मुले बसतात. प्रत्येकाने विचारावे की यातला कोणता शब्द आपल्या घरी आहे. जे उरतील ते संस्कृतावरून आणि कोशावरून लावावेत. पंडित हरगोविंददास शेठ यांचा 'पाइअ-सद्द-महण्णवो' हा प्राकृत-हिंदी कोश आहे, तो आपल्या ग्रंथालयात नाही, तो घ्यावा. संस्कृत नको असे मी म्हणत नाही. माझ्या 'मामि'ने मला शिकवले आहे की नुसत्या कानावर विश्वास ठेवला तर तोंडघशी पडायला होते.

"याचा नोकरीला काय उपयोग?" असे माझे वडीलही विचारतात, आणि त्यांना विचारण्याचा हक्क आहे, कारण माझी फी रिक्षाच्या भाड्यातून जाते. मी त्यांना एका रविवारी कुड्याच्या लेण्यांना घेऊन गेले. तळे तालुक्यातल्या मांदाडजवळ ही लेणी आहेत, आमच्याकडून रिक्षाने जाऊन येता येते. मांदाड म्हणजेच ग्रीक खलाशाच्या जुन्या प्रवासवर्णनातले 'मंदगोर' बंदर असे पुष्कळ अभ्यासक मानतात. रोमशी व्यापार चालत होता त्या काळातले हे बंदर, आणि जवळच डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. मला ब्राह्मी वाचता येत नाही, पण वाचून छापलेले मी लिहून नेले होते. वडिलांना मी एकेक शब्द सांगत गेले. 'सेठि' म्हणजे शेट. 'लोहवाणिय' म्हणजे लोखंडाचा वाणी. 'मालाकार' म्हणजे माळी. आणि 'लेण' म्हणजे, आपण उभे आहोत ते लेणे.

वडील भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माळ्यानं दिलं हे? राजानं न्हाय?"

मी म्हटले, राजघराण्यातल्यांची नावेही आहेत, पण हे माळ्याने दिले. परत येताना त्यांनी कोलाडला चहा पाजला आणि नोकरीचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला, हेही सांगायला हवे.

माझ्या वहीत आता चारशे सहा शब्द झाले आहेत, त्यातल्या एकशे तीस शब्दांचा चौथा रकाना भरलेला आहे. सातशेपैकी चौऱ्याण्णव गाथा मी छाया झाकून वाचू शकते. काही अडल्या आहेत, काहींचा अर्थ कळला पण आजीला सांगता येत नाही, आणि काही आजीला सांगितल्या पण इथे छापता येणार नाहीत. पुस्तकाची मुदत मी नऊ वेळा वाढवून घेतली आहे. ज्यांना ते हवे असेल त्यांनी मला वर्गात भेटावे, मी परत करीन. पण सुटलेली पाने जपावीत. रात्री जेवणे झाली की आजी अंथरुणावरून विचारते, "आज कोन आली ग पोथीत?" काल मी तिला स्वयंपाकघरातल्या काळ्या हातांनी चेहरा पुसणाऱ्या आणि त्यामुळे चंद्रासारखी डागाळलेल्या बायकोची गाथा सांगितली. तिचा नवरा तिच्याकडे बघून हसतो.

आजी म्हणाली, "हसंल नायतर काय! पुसायला फडकं दिलं का त्यानं?"